अक्षय ऊर्जा आणि प्रदेशाचा विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवनचक्क्या, सौर प्रकल्प, बायोगॅस, छोटे जलविद्युत संच यांच्याबद्दल बोलताना किती मेगावॉट बसले हे सगळेच सांगतात. ज्या भागात ते बसले तिथल्या माणसांच्या हाती काय आलं, हे क्वचितच सांगितलं जातं. खालची उत्तरं या दुसऱ्या प्रश्नाला धरून लिहिली आहेत. अक्षय ऊर्जा मागे राहिलेल्या प्रदेशाला उभं करू शकते, याबद्दल मनात शंका नाही. पण ते आपोआप होत नाही. मालकी कुणाची, जमिनीच्या अटी काय आणि वीजवाहिनी आधी की नंतर, हे कुणी आणि केव्हा ठरवलं यावर बरंचसं अवलंबून असतं.

प्रदेशात मोठा प्रकल्प आला म्हणजे प्रदेशाचा विकास झाला, असं म्हणता येईल का?

नाही. त्याचं कारण या ऊर्जेच्या खर्चाच्या रचनेतच आहे. कोळशाच्या केंद्राला रोज इंधन लागतं. खाण, वाहतूक, राखेची विल्हेवाट यांवर वर्षानुवर्षं पैसा खर्च होत राहतो आणि त्यातला काही आसपास फिरतो. वारा आणि ऊन फुकट असतं. खर्चाचा मोठा भाग पहिल्या एक-दोन वर्षांतच होतो: पॅनेल, टर्बाइन, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर. ही यंत्रं बहुधा बाहेरून येतात. पुढची २५ वर्षं वीजविक्रीतून येणारा पैसा मुख्यतः भांडवल घालणाऱ्याकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातो. दोघंही दूरच्या शहरात असतील तर प्रदेशाच्या वाट्याला जमिनीचं भाडं, थोडे पगार आणि असला तर स्थानिक कर, एवढंच उरतं.

म्हणून मालकी कुणाची हा प्रश्न इतर बहुतेक उद्योगांपेक्षा इथे जास्त महत्त्वाचा ठरतो.

मालकी स्थानिकांची असेल तर खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचं सर्वांत अभ्यासलं गेलेलं उदाहरण डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं आहे. साधारण चार हजार वस्तीचं हे शेतकरी बेट १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेत निवडलं गेलं. अट होती, दहा वर्षांत संपूर्ण बेट अक्षय ऊर्जेवर आणायचं. जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, नंतर समुद्रात १०. जमिनीवरच्या बहुतेक चक्क्या शेतकऱ्यांनी स्वतः घेतल्या, काही लहान भागधारकांच्या सहकारी गटांनी. समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेने घेतल्या. घरं तापवण्यासाठी शेतातला पेंढा जाळणारी सामायिक केंद्रं बांधली गेली, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तेलावर जाणारा पैसा शेजारच्या शेतकऱ्याला मिळू लागला. या सगळ्याआधी बैठकांवर बैठका झाल्या. चक्की दिसते म्हणून तक्रार करणारा माणूस तिचा भागधारक झाला की त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे तिथल्या कार्यकर्त्यांनी अनेकदा सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बेटावरच्या गाड्या आणि फेरीबोटी तेव्हा तेलावरच चालत होत्या. समुद्रातल्या चक्क्यांची जास्तीची वीज मुख्य भूमीला देऊन तो हिशेब जुळवला गेला. तरीही दहा वर्षांच्या आत इतका बदल घडवणं ही मोठीच गोष्ट आहे.

उत्तर जर्मनीतल्या नॉर्डफ्रीसलांड भागात नागरिकांच्या मालकीचे पवन प्रकल्प नेहमीचेच झाले आहेत. जर्मनीतल्याच शोनाऊ या छोट्या गावातल्या लोकांनी चेर्नोबिलच्या अपघातानंतर चळवळ सुरू केली आणि १९९७ मध्ये गावातलं वीजवितरणाचं जाळंच विकत घेतलं.

स्थानिक लोकांकडे भांडवल नसेल तर? सगळीकडे श्रीमंत शेतकरी नसतात.

बरोबर आहे. गरीब प्रदेशात हीच खरी अडचण असते, आणि तिथे कायद्याने वाटा बांधून द्यावा लागतो.

नॉर्वेने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. जलविद्युतसाठी धबधबे विकत घ्यायला बाहेरचं भांडवल धावू लागलं तेव्हा तिथल्या संसदेने परवान्यांचे कडक कायदे केले. १९१७ च्या कायद्याची परंपरा अजून चालू आहे: ज्या नगरपालिकांच्या हद्दीतलं पाणी वापरलं जातं त्यांना प्रकल्पाच्या विजेतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग उत्पादन खर्चाच्या दराने मिळतो. ती वीज वापरावी किंवा बाजारभावाने विकून शाळा-रस्त्यांवर खर्च करावा, हे नगरपालिकेने ठरवायचं. डोंगरातल्या विरळ वस्तीच्या कित्येक नगरपालिका त्यामुळे सुस्थितीत आहेत.

जर्मनीत २०२१ पासून पवन प्रकल्पवाल्यांना आसपासच्या नगरपालिकांना प्रति युनिट ०.२ सेंटपर्यंत रक्कम देण्याची मुभा आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण ५ मेगावॉटची एक चांगली चक्की वर्षाला सव्वा कोटीहून अधिक युनिटं देते. म्हणजे एका चक्कीमागे दरवर्षी सुमारे २५ हजार युरो. अशा दहा चक्क्या असतील तर लहान गावाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम ठळक दिसते. ‘मुभा’ ऐवजी ‘बंधन’ असतं तर अधिक बरं झालं असतं, असं वाटतं.

दक्षिण आफ्रिकेने २०११ पासूनच्या निविदांमध्ये प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या समुदायांना किमान २.५ टक्के मालकी देण्याची अट घातली. हेतू उत्तम होता, पण अनुभवाने एक धडा मिळाला. समुदायाच्या विश्वस्त निधींनी तो वाटा बहुतेक वेळा कर्ज काढून घेतला, त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं लाभांश कर्जफेडीतच गेला. कागदावर मालक झालेल्या लोकांच्या हाती पैसा फार उशिरा आला. वाटा किती याच्याइतकंच तो कोणत्या वर्षापासून मिळणार हे विचारायला हवं.

रोजगार किती मिळतो?

बांधकामाच्या काळात भरपूर, नंतर थोडा. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरात या क्षेत्रात सुमारे १ कोटी ६२ लाख लोक काम करत होते. पण त्यातले जवळपास निम्मे एकट्या चीनमध्ये होते, कारण कारखाने तिथे आहेत. पॅनेल जिथे बनतं तिथे कायमचा रोजगार तयार होतो. ते जिथे बसवलं जातं तिथे खड्डे खणणं, खांब रोवणं, तारा जोडणं ही कामं वर्ष-दीड वर्षात संपतात. मग उरतात पॅनेल धुणारे, पहारेकरी, गवत कापणारे आणि काही तंत्रज्ञ.

तंत्रज्ञाच्या जागा बाहेरच्यांना जाऊ नयेत असं वाटत असेल तर प्रशिक्षण बांधकामाच्या आधी सुरू व्हायला हवं. प्रकल्प सुरू झाल्यावर उघडलेलं प्रशिक्षण केंद्र बहुधा उशिराचं ठरतं.

विखुरलेल्या कामांत चित्र वेगळं असतं. छतांवरची सौर यंत्रणा, बायोगॅस, सौरपंप, इमारतींची उष्णता टिकवणं यांत एका मेगावॉटमागे माणसं जास्त लागतात आणि दुरुस्तीचं काम चालूच राहतं. रोजगार हाच मुख्य हेतू असेल तर एका प्रचंड प्रकल्पापेक्षा शेकडो छोट्या कामांकडे आधी पाहावं.

जमीन जाते, त्याचं काय?

या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे.

एक मेगावॉट सौर प्रकल्पाला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. पवनचक्कीचा पाया आणि रस्ता सोडला तर बाकी शेत चालू ठेवता येतं, सौर प्रकल्पात मात्र जमीन पूर्ण अडकते. त्यामुळे विकत घेणं की भाडेपट्ट्याने घेणं हा फरक मोठा आहे. कर्नाटकातल्या पावगडा इथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचं सौर उद्यान उभं राहिलं. तिथे सरकारी यंत्रणेने जमीन संपादित न करता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. सतत दुष्काळ पडणाऱ्या भागात जमीनमालकांना दरवर्षी ठरलेलं भाडं मिळू लागलं आणि सात-बारा त्यांच्याच नावावर राहिला, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. विक्रीपेक्षा हे कितीतरी चांगलं.

पण त्याच ठिकाणी ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय झालं? शेतमजुरांचं काम गेलं, शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांचं कुरण कुंपणाआड गेलं. भाडं मालकाला मिळतं, मजुराला नाही. जवळजवळ प्रत्येक मोठ्या सौर प्रकल्पात ही फट राहून जाते. तिच्यावर उपाय करारातच असायला हवा: भूमिहीन कुटुंबांसाठी वेगळा निधी, देखभालीच्या कामात पहिला हक्क, कुंपणाच्या आत चराईची परवानगी. मेंढ्या पॅनेलखालचं गवत खातात आणि कापणीचा खर्च वाचतो, हे अनेक देशांत रोज चालणारं काम आहे.

‘पडीक’ या शब्दापासून सावध राहावं. महसुली नोंदीत पडीक असलेली जमीन बऱ्याचदा कुणाचं तरी कुरण, सरपणाची जागा किंवा गुरांची वाट असते. केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॉटचा प्रकल्प आहे. तिथली सामाईक जमीन पशुपालक समाजांच्या वापरात होती. २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती जमीन कंपनीच्या नावे करताना कायदेशीर प्रक्रिया पाळली गेली नाही असा निर्णय दिला. प्रकल्प तोपर्यंत पूर्ण होऊन वीज देत होता. संमती आधी नीट घेतली असती तर हा भार कुणावरच आला नसता.

शेती आणि पॅनेल एकत्र ठेवण्याचा मार्गही आहे. जर्मनीच्या हेगेलबाख इथे पॅनेल उंच सांगाड्यावर बसवून खाली गहू, बटाटे, सेलरी आणि चारा घेतला गेला. २०१७ मध्ये त्या जमिनीची एकत्रित उत्पादकता फक्त पीक किंवा फक्त वीज घेण्याच्या तुलनेत ६० टक्के जास्त भरली. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात सावलीमुळे फायदा आणखी वाढला. सांगाडा महाग पडतो, ही अडचण खरी आहे.

प्रकल्प उभा आहे, तरी वीज वाया जाते असं ऐकलं. असं का होतं?

वाहिनी नसल्यामुळे. वारा आणि ऊन जिथे जोरदार असतं तिथे वस्ती आणि कारखाने बहुधा विरळ असतात. चीनच्या गान्सू प्रांतात २०१६ मध्ये पवनविजेतला सुमारे ४३ टक्के भाग वापरलाच गेला नाही. चक्क्या झपाट्याने उभ्या राहिल्या, वाहिन्या मागे पडल्या आणि कोळसा केंद्रांना ठरावीक तास चालवण्याची हमी दिलेली होती. तुर्कानाच्या चक्क्या २०१७ मध्ये तयार झाल्या, पण चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी २०१८ मध्ये पूर्ण होईपर्यंत त्या ग्रिडला जोडल्या गेल्या नाहीत.

टेक्सासने क्रम उलटा ठेवला. २००५ च्या कायद्याने आधी पवनक्षेत्रं निश्चित केली आणि तिथपर्यंत वाहिन्या नेण्याचं ठरवलं. सुमारे ५,८०० किलोमीटरच्या वाहिन्या २०१३ च्या अखेरपर्यंत पूर्ण झाल्या, आणि पश्चिम टेक्सासच्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यांना जमीनभाडं आणि कर या दोन्ही रूपांत उत्पन्न सुरू झालं. आधी वाहिनी, मग प्रकल्प. हे सांगायला सोपं आहे, पण वाहिनीला दहा वर्षं लागतात आणि सौर प्रकल्पाला दीड, म्हणून नियोजन करणाऱ्यांना फार पुढचं पाहावं लागतं.

ती वीज प्रदेशातच वापरता येणार नाही का?

येते, आणि जमत असेल तिथे हाच सर्वांत जास्त फायद्याचा मार्ग असतो. वीज बाहेर विकून मिळतो फक्त तिचा दर. तीच वीज जागेवर वापरून काही बनवलं तर कारखाना, वाहतूक, पगार सगळं तिथेच राहतं. नॉर्वेतल्या ऱ्युकानजवळ १९११ मध्ये वेमॉर्कचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, तेव्हा ते जगातलं सर्वांत मोठं होतं. ती वीज खत तयार करण्यासाठी तिथेच वापरली गेली आणि एका अरुंद दरीत अख्खं औद्योगिक शहर वसलं. आइसलँडमध्ये दहापैकी साधारण नऊ घरं भूगर्भातल्या उष्णतेने तापतात आणि त्याच उष्णतेवर हरितगृहांत भाजी पिकते.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर २०१३ पासून गरजेपेक्षा जास्त वीज तयार होते. मुख्य भूमीकडे जाणारी केबल पुरी पडत नाही, म्हणून चक्क्या थांबवाव्या लागत. त्यावर मार्ग म्हणून जास्तीच्या विजेतून हायड्रोजन तयार करण्याचे प्रयोग तिथे झाले. शीतगृह, धान्य वाळवणं, दूध थंड करणं, पाणी उपसणं अशी वेळ पुढे-मागे करता येणारी कामं जवळ असतील तर हायड्रोजनपर्यंत जायची गरजही पडत नाही.

सूर्य मावळला, वारा पडला की काय?

साठवण, दुसरा स्रोत, ग्रिडचा आधार आणि वापराला शिस्त. स्पेनच्या एल येरो बेटावर ११.५ मेगावॉटच्या चक्क्या वारा असताना पाणी डोंगरावरच्या तलावात चढवतात आणि वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. २०१९ च्या उन्हाळ्यात हे बेट सलग २४ दिवस डिझेलशिवाय चाललं. वर्षभरात अक्षय विजेचा वाटा मात्र सरासरी निम्म्याच्या आसपास राहिला आहे, कारण साठवण अपुरी पडते.

स्कॉटलंडच्याच एग बेटाचा मार्ग फार आवडतो. रहिवाशांनी १९९७ मध्ये बेट विकत घेतलं आणि २००८ मध्ये पाणी, वारा, ऊन यांवर चालणारं स्वतःचं वीजजाळं सुरू केलं. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉटची मर्यादा आहे, सर्वांना सारखी. मर्यादा लोकांनी स्वतः ठरवली म्हणून ती टिकली.

दुर्गम वस्तीने ग्रिडची वाट पाहावी की स्वतंत्र सौर यंत्रणा घ्यावी?

वाट पाहू नये, पण उद्या ग्रिड येणार हे धरून यंत्रणा निवडावी. बांगलादेशात २००३ पासून ४० लाखांहून अधिक घरांना हप्त्यांवर छोट्या सौर यंत्रणा मिळाल्या. मुलांच्या अभ्यासाला उजेड आला, रॉकेल सुटलं. नंतर ग्रिड अपेक्षेपेक्षा लवकर पोचलं आणि त्यातल्या बऱ्याच यंत्रणा पडून राहिल्या. नेपाळमध्येही ग्रिड आलं की गावातले छोटे जलविद्युत संच बंद पडत. मग २०१८ मध्ये नुवाकोट जिल्ह्यातला २३ किलोवॉटचा एक संच थेट राष्ट्रीय ग्रिडला जोडला गेला आणि गाव वीज विकू लागलं. हा पर्याय पहिल्या दिवसापासून खुला ठेवावा.

सौरपंपांमुळे भूजल संपेल का?

संपू शकतं. पंप फुकट चालू लागला की थांबवण्याचं कारण उरत नाही. गुजरातमधल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपधारक शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि उरलेली वीज ग्रिडला विकू लागली. पाणी न उपसण्याचे पैसे मिळू लागले की हिशेब बदलतो. विकत घेण्याचा दर मात्र पुरेसा हवा.

कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांचं काय होणार?

त्यांच्याकडे एक मौल्यवान गोष्ट असते: ग्रिडची तयार जोडणी. स्पेनमधल्या तेरुएल प्रांतातलं अंदोरा इथलं कोळसा केंद्र २०२० मध्ये बंद झालं. तिथल्या सुमारे १,२०० मेगावॉट जोडणीचा हक्क सरकारने स्पर्धेतून दिला. त्या निवडीत स्थानिक रोजगार, प्रशिक्षण आणि परिसरातल्या लोकांचा सहभाग यांना गुण होते. निकाल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लागला. केंद्र बंद पडणं आणि नवं काम सुरू होणं यांमधली ही वर्षं तरुणांना गाव सोडायला लावतात. म्हणून निविदा केंद्र बंद होण्याआधी निघायला हवी.

ही ऊर्जा खरोखर स्वच्छ आहे का?

पूर्ण नाही, पण तुलनाच होऊ शकत नाही इतकी चांगली आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०१४ च्या अहवालात यंत्र बनवण्यापासून मोडीपर्यंतचं उत्सर्जन धरलं आहे. प्रति युनिट कोळसा सुमारे ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. पवनचक्क्यांमुळे होणारं पक्ष्यांचं नुकसान खरं आहे. जागेची निवड हा त्यावरचा मुख्य उपाय. नॉर्वेच्या स्मोला इथे चक्कीचं एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले, पण तो प्रयोग मोजक्याच चक्क्यांवर होता.

मोठी धरणं आणि लाकूडफाट्यावरची वीज यांनाही सरसकट शाश्वत म्हणावं का?

नाही. चीनच्या तीन घळींच्या धरणासाठी १२ लाखांहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं. नदी दरवर्षी भरते म्हणून तो विकास न्याय्य ठरत नाही.

जैवभाराचा, म्हणजे लाकूड-पेंढ्यासारख्या जळणाचा, प्रश्न वेगळा आहे. ऑस्ट्रियाच्या हंगेरी सीमेजवळचं ग्युसिंग हे गाव १९९० च्या दशकात गरीब होतं, कामासाठी लोक दूर जात. गावाने आधी सरकारी इमारतींचा ऊर्जावापर कमी केला, मग आसपासच्या जंगलातल्या लाकडावर उष्णताकेंद्र काढलं, २००१ मध्ये लाकडाचा वायू करून वीज देणारं केंद्र सुरू केलं. स्वस्त उष्णतेमुळे लाकडी फरश्या बनवणारे उद्योग आले. पुढे हमीदराची, म्हणजे वीज ठरलेल्या दराने विकत घेण्याच्या हमीची, मुदत संपली, लाकूड महागलं आणि ते वीजकेंद्र बंद पडलं. वारा-ऊन फुकट असतं, लाकूड नसतं. जैवभारावर उभं राहायचं तर कच्च्या मालाचा दीर्घ मुदतीचा करार आधी हवा. ग्युसिंगला यामुळे अपयशी म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. उष्णतेचं जाळं आणि लोकांनी मिळवलेलं कौशल्य तिथे राहिलं.

करारावर सही करण्याआधी काय पाहावं?

भाडं दर किती वर्षांनी वाढणार ते आकड्यात लिहिलेलं हवं. कंपनी विकली गेली तर नवा मालक त्याच अटींना बांधील राहील का, हे विचारावं, कारण असे प्रकल्प अनेकदा हात बदलतात. करार तुमच्या भाषेत मागावा आणि एकट्याने नव्हे, शेजाऱ्यांबरोबर मिळून बोलणी करावीत. सामाईक जमीन असेल तर ती वापरणाऱ्या प्रत्येक गटाची, मालकी नसलेल्यांचीही, संमती लेखी असावी.

आणि शेवटाची तरतूद सुरुवातीलाच करून घ्यावी. पॅनेल २५ ते ३० वर्षं चालतं. त्याचं साधारण तीन चतुर्थांश वजन काचेचं असतं आणि ती परत वापरता येते, पण गोळा करून नेण्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. युरोपीय संघाने २०१२ मध्ये ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली. जिथे असा नियम नाही तिथे चक्की उतरवणं, काँक्रीटचा पाया काढणं आणि जमीन पुन्हा पेरणीयोग्य करणं यासाठीची रक्कम पहिल्या काही वर्षांतच वेगळ्या खात्यात जमा व्हावी, आणि त्या खात्यावर कंपनीइतकाच हक्क जमीनमालकाचा किंवा स्थानिक संस्थेचा असावा.